आरोग्य विम्याचा हप्ता परवडेना: खान्देशातल्या झेडपी, पालिका आणि ग्रामपंचायत कर्मचाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत झेडपीचा ग्रामसेवक, नगरपालिकेचा मुकादम, घंटागाडीवरचा ठेकेदारी कामगार आणि गावात रात्री व्हॉल्व्ह सोडणारा ग्रामपंचायतीचा शिपाई, सगळेच लोकांच्या रोजच्या गरजेचं काम करतात. आजारपण आलं की मात्र प्रत्येकाची वाट वेगळी होते. एकाला बिलाची प्रतिपूर्ती (भरलेले पैसे परत) मिळते, दुसऱ्याला ईएसआय (कर्मचारी राज्य विमा), आणि तिसरा थेट सोनाराकडे किंवा पतपेढीकडे जातो. वैद्यकीय बिलांची कागदपत्रं हाताळताना सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं जे प्रश्न विचारले, ते इथे एकत्र केले आहेत. हप्ता वाढला म्हणून पॉलिसी सोडून देण्याआधी किंवा एजंटच्या आग्रहाला बळी पडून नवी घेण्याआधी हे वाचा. तुमच्या हक्काचं काय आहे ते आधी बघायचं आणि उरलेल्या फटीपुरताच विमा विकत घ्यायचा, असं माझं स्पष्ट मत आहे.

"मना पगार कितला नि हप्ता कितला!" दरवर्षी हप्ता वाढतोच कसा?

त्याची तीन-चार कारणं आहेत आणि ती एकाच वेळी लागू होतात. पहिलं कारण वय. कंपन्या वयाचे टप्पे पाडतात आणि तुम्ही एका टप्प्यातून पुढच्यात गेलात की त्या वर्षी हप्ता एकदम उडी घेतो. फ्लोटर पॉलिसीत, म्हणजे सगळ्या कुटुंबाची मिळून एकच रक्कम असलेल्या पॉलिसीत, घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाचं वय धरलं जातं. त्यामुळे आईवडिलांना त्याच पॉलिसीत घातलं असेल तर त्यांच्या वयाचा भार सगळ्या कुटुंबाच्या हप्त्यावर येतो.

दुसरं कारण दवाखान्याचा खर्च. स्टेंट, सांध्याचे इम्प्लांट, केमोची औषधं, आयसीयूचा दिवसाचा दर, हे सगळं महागलं की कंपनी पूर्ण योजनेचाच दर वाढवते. तुम्ही वर्षभर एकही क्लेम केला नसला तरी ती वाढ तुम्हाला द्यावी लागते. तिसरं कारण आपल्याकडे नेहमी घडणारं आहे: तरणी, धडधाकट माणसं महाग झालं म्हणून पॉलिसी सोडतात, मागे आजारी आणि वयस्कर उरतात, आणि त्यांच्या क्लेमचा भार कमी डोक्यांवर वाटला जातो.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. मागच्या वर्षी तुम्ही क्लेम केला एवढ्या कारणावरून वैयक्तिक पॉलिसीचं नूतनीकरण कंपनीला नाकारता येत नाही. "तुमचा क्लेम झाला, आता पॉलिसी बंद," असं कुणी तोंडी सांगितलं तर ते लेखी मागा.

आरोग्य विम्यावरचा जीएसटी माफ झाला ना? मग आमचा हप्ता का उतरला नाही?

२२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य पॉलिसीवरचा १८ टक्के जीएसटी गेला. फ्लोटर आणि ज्येष्ठ नागरिकांच्या पॉलिसीही त्यात येतात. मूळ हप्ता २०,००० रुपये असेल तर आधी २३,६०० भरावे लागायचे, आता २०,००० भरायचे.

गट विम्याला ही माफी नाही. पतसंस्थेने, संघटनेने किंवा पालिकेने सगळ्या कर्मचाऱ्यांसाठी एकत्र घेतलेल्या पॉलिसीवर १८ टक्के अजून लागतोच. लोकांचा गैरसमज इथेच होतो. वैयक्तिक पॉलिसीतही कंपनीला आधी स्वतःच्या खर्चावरच्या कराची वजावट मिळायची, ती बंद झाली. म्हणून काही ठिकाणी मूळ दरच थोडा वर गेलेला दिसेल. मागच्या वर्षीची पावती काढा, तिच्यातला कर वेगळा करा आणि मूळ हप्त्याची यंदाच्या हप्त्याशी तुलना करा. खरी वाढ किती, ते तेव्हाच कळतं.

आमच्या संघटनेने गट विमा घेतला होता. पहिल्या वर्षी स्वस्त होता, दुसऱ्या वर्षी एवढा कसा फुगला?

गट विम्याचं गणित उघडं करून सांगतो, कारण बैठकीत ते कुणी सांगत नाही. समजा ४०० कुटुंबं आहेत आणि वर्षभरात ४८ लाखांचे क्लेम झाले. जमा हप्त्यातले ८० टक्केच क्लेमवर जावेत असं कंपनीचं धोरण असेल, तर ती पुढच्या वर्षी ६० लाख मागेल. म्हणजे कुटुंबामागे १५,००० आणि जीएसटी धरून १७,७००. आता त्याच वर्षात एका सहकाऱ्याच्या घरी मोठं आजारपण येऊन ९ लाखांचा आणखी एक क्लेम झाला असता, तर मागणी ७१ लाख २५ हजारांवर गेली असती, म्हणजे करासह कुटुंबामागे २१,००० च्या थोडी वर. एका घरच्या आजारपणाने प्रत्येकाच्या खिशातून तीन हजारांहून जास्त गेले. गट जितका लहान, तितका हा झटका मोठा. म्हणून एकेका नगरपालिकेने ऐंशी-शंभर माणसांसाठी वेगळी पॉलिसी घेणं मला धोक्याचं वाटतं.

पहिल्या वर्षीचा दर अनेकदा गिऱ्हाईक मिळवण्यासाठी कमी लावलेला असतो. त्यावर भरवसा ठेवून लोक आपली जुनी वैयक्तिक पॉलिसी सोडतात, आणि दुसऱ्या वर्षी गट विमा बंद पडला की दोन्हीकडून उघडे पडतात. असं कृपा करून करू नका.

मोठ्या संस्थाही यातून सुटलेल्या नाहीत. मुंबई महानगरपालिकेने २०१५ मध्ये कर्मचाऱ्यांसाठी गट विमा सुरू केला आणि हप्त्याच्या वाढीव मागणीवरून २०१७ मध्ये तो बंद पडला. पुणे महापालिकेची वाट वेगळी आहे. तिथे कर्मचाऱ्यांच्या पगारातून वर्गणी कापून चालवलेली अंशदायी वैद्यकीय सहाय्य योजना आहे, म्हणजे निधी संस्थेकडेच राहतो. खान्देशातल्या महापालिका त्या मानाने लहान आहेत, पण तिन्ही जिल्ह्यांतल्या पालिकांनी मिळून असा एक निधी उभा केला तर गट मोठा होईल. या दिशेने कुणीतरी पाऊल टाकायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

मी झेडपीत कायम नोकरीत आहे. मला विकतच्या विम्याची गरज आहे का?

तुम्हाला महाराष्ट्र राज्य सेवा (वैद्यकीय देखभाल) नियम, १९६१ नुसार वैद्यकीय खर्चाची प्रतिपूर्ती मिळते. यासाठी हप्ता लागत नाही. तुम्ही, जोडीदार, अवलंबून असलेली मुलं आणि अवलंबून असलेले आईवडील त्यात येतात. शासनाने ठरवलेल्या आकस्मिक आणि गंभीर आजारांच्या यादीत आजार बसला तर खासगी दवाखान्याचं बिलही सादर करता येतं.

मग अडचण कुठे? पैसे आधी तुम्हीच भरायचे असतात. ऑपरेशनच्या दिवशी दवाखाना रोख मागतो, तेव्हा माणूस ग.स. सोसायटीतून (सरकारी नोकरांच्या पतसंस्थेतून) कर्ज काढतो किंवा जीपीएफला (भविष्य निर्वाह निधीला) हात लावतो. बिल मंजूर व्हायला महिने जातात, कधी वर्ष उलटतं. मंजूर रकमेतही कपात होते. जिल्हा शल्यचिकित्सकांकडची पडताळणी, अत्यावश्यकता प्रमाणपत्र, मूळ पावत्या, डिस्चार्ज कार्ड, यातलं एक कमी पडलं की फाईल परत येते. म्हणून दवाखान्यातून निघतानाच प्रत्येक औषधाच्या पावतीवर डॉक्टरांची सही-शिक्का घ्या आणि सगळ्याची एक झेरॉक्स प्रत स्वतःजवळ ठेवा. ॲडमिट झाल्याचं कार्यालयाला लगेच लेखी कळवा.

माझा सल्ला असा: कायम कर्मचाऱ्याने मोठ्या हप्त्याची भारी पॉलिसी घेण्याऐवजी तीन ते पाच लाखांची साधी कॅशलेस (कंपनी थेट दवाखान्याला पैसे देते अशी) पॉलिसी ठेवावी. तिचा उपयोग रोख रकमेची तातडीची नड भागवायला होतो.

नगरपालिका आणि महापालिकेच्या कायम कर्मचाऱ्यांनी आपल्या आस्थापना विभागात विचारावं. तिथे प्रतिपूर्तीचा पैसा पालिकेच्या अंदाजपत्रकातल्या तरतुदीतून येतो, आणि तरतूद संपली की मंजूर बिलंही पडून राहतात.

विमा कंपनीचे पैसे घेऊन पुन्हा प्रतिपूर्तीचं बिल टाकता येतं का?

एकाच खर्चाचे पैसे दोनदा घेता येत नाहीत, आणि तसा प्रयत्न केला तर नोकरीवर बेतू शकतं. कंपनीने काही भागच दिला असेल तर तिचं सेटलमेंट पत्र जोडून उरलेल्या रकमेबद्दल कार्यालयाला लेखी विचारा. काहीही लपवू नका.

मी घंटागाडीवर ठेकेदाराकडे आहे. माझ्यासाठी काय?

तुमच्या हक्काचं सगळ्यात मोठं छत्र ईएसआय आहे आणि नेमकं तेच सगळ्यात जास्त बुडवलं जातं. दहा किंवा जास्त कामगार असलेल्या ठेकेदाराला, महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या कामगाराची ईएसआय नोंद करावी लागते. पगाराच्या पाऊण टक्का तुमच्याकडून कापला जातो आणि सव्वातीन टक्के मालक भरतो. पगार १५,००० असेल तर तुमचे ११२ रुपये ५० पैसे आणि ठेकेदाराचे ४८७ रुपये ५० पैसे. एवढ्यात पूर्ण कुटुंबाचे उपचार येतात, अटी पूर्ण झाल्या तर आजारपणाच्या रजेत पगाराच्या ७० टक्के दराने वर्षाला ९१ दिवसांपर्यंत भत्ता मिळतो, आणि महिलांना २६ आठवड्यांचा प्रसूती लाभ. बाजारातली कुठलीच पॉलिसी या किमतीला हे देत नाही.

तुमची नोंद झाली आहे का, ते असं तपासा. ठेकेदाराकडे दहा आकडी विमा क्रमांक मागा. तो मिळाला की ईएसआयच्या संकेतस्थळावर किंवा त्यांच्या कार्यालयात जाऊन दर महिन्याचा भरणा दिसतो का ते पाहा. पगारपत्रकात कपात दिसते आणि भरणा मात्र होत नाही, असं आढळलं तर ती तुमच्या घामाच्या पैशाची चोरी आहे. लेखी तक्रार करा, आणि एकट्याने न करता गाडीवरच्या सगळ्यांच्या सह्या घेऊन करा.

ज्याच्या कामासाठी ठेका दिला, त्या मूळ मालकावरही वर्गणीची जबाबदारी येते, हे ईएसआयचं जुनं तत्त्व आहे. म्हणून पालिकेने ठेकेदाराचं मासिक बिल काढण्याआधी ईएसआय आणि पीएफच्या भरण्याचं चलन आणि कामगारांची नावनिशीवार यादी मागितलीच पाहिजे. मुख्याधिकाऱ्यांना निवेदन देताना हीच मागणी पहिल्या ओळीत लिहा.

गटार आणि सेप्टिक टँकच्या कामात असलेल्यांसाठी केंद्राची नमस्ते योजना आहे. तिच्यात नोंद झालेल्यांना आयुष्मान कार्डाची, म्हणजे केंद्राच्या आयुष्मान भारत या मोफत उपचार योजनेच्या कार्डाची, सोय आहे. २०२४ मध्ये कचरावेचकांनाही त्यात घेतलं. पालिकेच्या आरोग्य विभागात नाव नोंदलं आहे का ते विचारा.

मी ग्रामपंचायतीत पाणी सोडतो. मानधन कमी, विमा घेणं शक्यच नाही. आजारी पडलो तर?

तुमच्यासाठी आणि खरं तर वर लिहिलेल्या सगळ्यांसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. २ जुलै २०१२ रोजी ही योजना वेगळ्या नावाने राज्यातल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात आपला धुळे जिल्हा होता. नंतर ती राज्यभर झाली. आज तिला आयुष्मान भारतची जोड आहे, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार मिळतात, आणि जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने पांढऱ्या शिधापत्रिकेची कुटुंबंही तिच्यात आली. म्हणजे पिवळी, केशरी, पांढरी, कुठलीही शिधापत्रिका असो, विचारल्याशिवाय "आपल्याला नाही बसत" असं गृहीत धरू नका.

कार्ड आजारी पडण्याआधी काढा. आधार आणि शिधापत्रिकेतलं नाव जुळत नाही, बारा आकडी ऑनलाइन क्रमांक नाही, लग्नानंतर सुनेचं नाव चढवलेलंच नाही, अशा गोष्टींपायी माणसं ऐन वेळी अडतात. ज्या सीएससी केंद्रावर आपण दुसऱ्यांचे दाखले काढून देतो, तिथेच आपलं कार्ड काढायला विसरलेले कितीतरी कर्मचारी मला भेटले आहेत.

योजनेतल्या प्रत्येक दवाखान्यात रुग्णांना मदत करणारा आरोग्यमित्र बसतो. ॲडमिट होण्याआधी त्याला गाठा, आपला आजार योजनेच्या यादीत आहे का ते विचारा. अपघात किंवा हार्ट अटॅकसारख्या वेळी आधी उपचार सुरू होऊन फोनवर मंजुरी घेण्याची सोय आहे. योजनेत बसवलेल्या उपचारासाठी दवाखाना वर पैसे मागत असेल तर १५५३८८ या क्रमांकावर तक्रार करा. जळगाव, धुळे आणि नंदुरबार तिन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाची रुग्णालयं आहेत. दूर जाण्याआधी तिथे चौकशी करा.

रात्रीबेरात्री विहिरीवर, पंपहाऊसवर जाणाऱ्यांनी आणखी दोन स्वस्त गोष्टी कराव्यात. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत दोन लाखांचा अपघाती विमा आहे, वय १८ ते ७०. सर्पदंशासारख्या घटनेत दवाखान्याची लगेचची नोंद लागते, म्हणून आधी भगताकडे जाण्यात वेळ घालवलात तर जीवही धोक्यात येतो आणि क्लेमही अडतो. प्रधानमंत्री जीवनज्योती योजनेत ४३६ रुपयांत दोन लाखांचा आयुर्विमा आहे, १८ ते ५० वयात नाव घालता येतं. बँकेत एक अर्ज भरला की हप्ता दरवर्षी खात्यातून आपोआप कापला जातो. मे अखेरीस खात्यात तेवढे पैसे ठेवा.

आम्ही आशा आणि अंगणवाडी ताई आहोत. आमचं काय?

२०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात सगळ्या आशा, अंगणवाडी सेविका आणि मदतनीस यांना आयुष्मान भारतमध्ये घेण्याची घोषणा झाली. तालुका आरोग्य अधिकारी किंवा प्रकल्प कार्यालयाकडून आपलं नाव यादीत गेलं का ते तपासून कार्ड काढून घ्या.

नवापूर-नंदुरबारहून आम्ही सुरतला जातो, शिरपूरहून इंदूरला. तिथे चालेल का?

हा प्रश्न खान्देशात महत्त्वाचा आहे आणि एजंट त्याबद्दल बोलत नाहीत.

आधी सरकारी योजनेचं. तुमचं कुटुंब केंद्राच्या आयुष्मान यादीत असेल तर देशात कुठल्याही संलग्न दवाखान्यात कार्ड चालतं. तुम्ही फक्त राज्याच्या योजनेतून आला असाल तर राज्याबाहेर तो आधार धरू नका. आपण कुठल्या गटात आहोत, हे आरोग्यमित्राकडून आजच माहीत करून घ्या. रुग्णवाहिका निघाल्यावर हे विचारत बसायला वेळ नसतो.

आता विकतच्या पॉलिसीचं. बऱ्याच कंपन्या देशाचे झोन पाडतात. मुंबई, सुरतसारखी शहरं महागड्या झोनमध्ये असू शकतात, जळगाव-धुळे स्वस्त झोनमध्ये. तुम्ही इथल्या पत्त्यावर स्वस्त झोनची पॉलिसी घेतली आणि उपचार महाग झोनमध्ये केले, तर काही पॉलिसींत बिलाचा ठरावीक टक्का तुमच्याच खिशातून जातो. तीन लाखांच्या बिलावर २० टक्के म्हणजे ६०,००० रुपये. आपल्याकडची हृदयाची, कॅन्सरची, मेंदूची केस नाशिक, सुरत, मुंबईला जायची शक्यता धरूनच पॉलिसी घ्या. "झोन बदलला तर माझा वाटा किती?" हा एक प्रश्न विचारा आणि उत्तर पॉलिसीच्या कागदात कुठे लिहिलं आहे ते दाखवायला सांगा. नेहमीच्या दवाखान्याचं नाव कॅशलेसच्या यादीत आहे का, तेही पाहा.

आईवडिलांचा हप्ता आमच्या दोघांच्या हप्त्यापेक्षा जास्त आहे. काय करावं?

त्यांना वेगळं करा. त्यांच्या वयामुळे तुमची फ्लोटर पॉलिसी महाग होते, आणि एकाच्या आजारपणात सगळ्यांची रक्कम संपते.

घरात ७० वर्षं पूर्ण झालेलं कुणी असेल तर आयुष्मान वय वंदना कार्ड काढा. २९ ऑक्टोबर २०२४ पासून ही सोय आहे, उत्पन्नाची अट नाही, आणि खासगी पॉलिसी असली तरी कार्ड मिळतं. बापूंना, माईंना घेऊन जा, कारण केवायसीला त्यांचा चेहरा किंवा बोट लागतं.

६० वरच्यांसाठी आणखी एक संरक्षण आहे. जानेवारी २०२५ मध्ये विमा नियामक इर्डाईने आदेश दिला की ज्येष्ठ नागरिकांच्या पॉलिसीचा हप्ता कंपनीने एका वर्षात १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायचा असेल तर आधी नियामकाशी विचारविनिमय करावा लागेल. आबांचा हप्ता एकदम तीस-चाळीस टक्क्यांनी वाढून आला असेल तर या आदेशाचा उल्लेख करून कंपनीला ईमेल टाका.

शुगर, बीपी आहे. फॉर्ममध्ये लिहिलं तर हप्ता वाढेल. न लिहिलेलं बरं ना?

अजिबात नाही. "नंतर बघू, आता 'नाही'वर टिक करा," असं सांगणारा एजंट क्लेमच्या वेळी तुमच्यासोबत उभा राहणार नाही. शुगर, बीपी, जुनं ऑपरेशन, तंबाखू, गुटखा, बिडी, सगळं लिहा. आधीपासूनच्या आजारासाठी जास्तीत जास्त ३६ महिने थांबावं लागतं. तेवढी वर्षं हप्ता भरला की तो आजारही पॉलिसीत येतो. सलग ६० महिने पॉलिसी चालू राहिली की सिद्ध झालेली फसवणूक वगळता माहिती लपवल्याच्या कारणावरून कंपनीला क्लेम नाकारता येत नाही.

सातपुड्यातल्या, म्हणजे धडगाव, अक्कलकुवा, तळोदा, शहादा भागातल्या आदिवासी सहकाऱ्यांना एक विनंती. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते, ती करून घ्या. वाहक असणं आणि आजार असणं यात फरक आहे. तपासणीचा कागद जवळ असेल तर फॉर्म बरोबर भरता येतो आणि पुढे वाद होत नाही.

हप्ता कमी करायचा आहे. काय कापलं तर चालेल आणि काय नाही?

खोलीभाड्याच्या मर्यादेला हलकं समजू नका. पॉलिसीत खोलीला दिवसाला ५,००० मिळतात आणि तुम्ही ८,००० ची खोली घेतली, तर कंपनी फक्त वरचे ३,०००च कापते असं बऱ्याच जणांना वाटतं. प्रत्यक्षात डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग हे सगळं त्याच प्रमाणात कापलं जातं. या बाबींचं बिल १,६०,००० असेल तर तुम्हाला १,००,००० मिळतील आणि ६०,००० खिशातून जातील. औषधं, इम्प्लांट आणि तपासण्यांवर ही प्रमाणशीर कपात लावता येत नाही. बिलात तशी लावली असेल तर हरकत घ्या. ॲडमिट होताना आपल्या मर्यादेतलीच खोली मागा.

कापायचंच असेल तर ओपीडी, मोफत तपासणी, जागतिक उपचार असली शोभेची कलमं कापा. दुसरा मार्ग सुपर टॉप-अपचा. तीन-पाच लाखांची साधी पॉलिसी ठेवायची आणि तिच्या रकमेच्या पुढचा खर्च उचलणारं सुपर टॉप-अप घ्यायचं. मोठ्या रकमेच्या एकाच पॉलिसीपेक्षा ते बहुधा स्वस्त पडतं. साधं टॉप-अप मात्र घेऊ नका. समजा वर्षात दोनदा ॲडमिट झालात, तीन लाख आणि चार लाख. पाच लाखांच्या वरचं साधं टॉप-अप प्रत्येक बिल वेगळं बघतं, म्हणून काहीच देणार नाही. सुपर टॉप-अप वर्षाची बेरीज सात लाख धरून वरचे दोन लाख देईल.

पॉलिसींची तुलना करताना डोकं चक्रावत असेल तर आरोग्य संजीवनी बघा. २०२० मध्ये आलेली ही ठरावीक मसुद्याची पॉलिसी आहे. अटी सगळीकडे सारख्या, फक्त दर वेगळे, म्हणून तुलना सोपी. तिच्यात ५ टक्के वाटा तुमचा असतो आणि खोलीला दिवसाला ५,००० ची कमाल मर्यादा आहे. तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या दवाखान्यांसाठी ती पुरते, मुंबईसाठी अपुरी पडेल.

पगार दोन महिने लांबला, हप्त्याची तारीख गेली. पॉलिसी बुडाली का?

वार्षिक हप्त्याला ३० दिवस आणि मासिक हप्त्याला १५ दिवसांची सवलत मिळते. त्या मुदतीत भरलंत तर मागची वर्षं वाया जात नाहीत. पण वार्षिक हप्ता चुकलेला असताना मधल्या दिवसांत ॲडमिट झालात तर तो क्लेम मिळत नाही. मुदतही उलटली की ३६ महिन्यांची गणती पुन्हा शून्यापासून. पालिकांमध्ये पगार लांबणं नवं नाही. नूतनीकरणाची तारीख दिवाळी, लग्नसराई किंवा शाळेच्या फीच्या महिन्यात येत असेल तर मासिक किंवा तिमाही हप्त्याची सोय मागा.

येत्या वर्षी निवृत्त होतोय. गट विमा सुटेल. मग?

गट पॉलिसीतून त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं आणि थांबून काढलेली वर्षं मोजली जातात. कंपनीच बदलायची असेल तर नूतनीकरणाच्या निदान ४५ दिवस आधी अर्ज करा. निवृत्तीच्या दिवसापर्यंत थांबू नका. साठीत नव्याने पॉलिसी मागायला गेलात तर मेडिकल तपासणी, जास्त हप्ता आणि नकार, तिन्हींची शक्यता असते.

आयकरात सूट मिळते म्हणून घ्यावी का?

८०डी ची सूट फक्त जुन्या करप्रणालीत आहे: स्वतःच्या कुटुंबासाठी २५,००० आणि ज्येष्ठ आईवडिलांसाठी ५०,००० पर्यंत. हप्ता रोखीने भरला तर सूट नाही. नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर तसाही कर लागत नाही, म्हणून आपल्यातल्या बहुतेकांनी या कारणासाठी विमा घेऊ नये.

क्लेम नाकारला. कुणाकडे जायचं?

आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी कळवा आणि नकाराचं कारण पॉलिसीच्या कुठल्या कलमानुसार आहे ते विचारा. बरेच नकार इथेच मागे घेतले जातात. एका महिन्यात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जा. खान्देशासाठी पुण्याचं कार्यालय आहे. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे वाद चालतात आणि कंपनीच्या नकारानंतर एक वर्षाच्या आत तक्रार करावी लागते. इर्डाईचा विमा भरोसा क्रमांक १५५२५५ आहे. जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्गही खुला आहे.

कॅशलेसबद्दल २०२४ चा नियम पाठ करून ठेवा: मंजुरीवर कंपनीने एका तासात निर्णय द्यायचा, आणि डिस्चार्जच्या वेळी तीन तासांत. उशीर झाल्यामुळे दवाखान्याने जादा पैसे लावले तर ते कंपनीने सोसायचे.

संघटनेने प्रशासनाकडे नेमकं काय मागावं?

"आरोग्य विमा लागू करा" एवढंच निवेदन दिलं की त्यावर "मागणी वरिष्ठांकडे पाठवली" एवढंच उत्तर येतं. म्हणून मोजून मागा. ठेक्याच्या निविदेत ईएसआयची अट आणि चलन दाखवल्याशिवाय बिल न काढण्याची अट. प्रतिपूर्तीसाठी अंदाजपत्रकात वेगळी तरतूद आणि प्रलंबित बिलांची यादी दर तीन महिन्यांनी फलकावर. सफाई कामगारांची वर्षातून एकदा तपासणी, एप्रिल-मेच्या उन्हात कामाची वेळ पहाटेची, हातमोजे आणि बूट. जळगाव-भुसावळच्या उन्हाळ्यात दुपारी कचरा उचलायला लावून नंतर उष्माघाताचं बिल कुणी भरायचं यावर चर्चा करणं मला मान्य नाही.

गट विम्याचा प्रस्ताव आला तर सही करण्याआधी तीन कागद मागा: मागच्या तीन वर्षांच्या क्लेमचा तपशील, दुसऱ्या वर्षीच्या दरवाढीला काही कमाल मर्यादा आहे का ते, आणि ठेकेदारी कामगारांची नावं त्यात आहेत का ते. ज्यांचा पगार सगळ्यात कमी आणि कामातला धोका सगळ्यात जास्त, त्यांची नावं यादीत नसतील तर कायम कर्मचाऱ्यांनी तो प्रस्ताव दुरुस्तीसाठी परत पाठवावा. अशी यादी तपासायला मदत हवी असेल तर आपल्या कार्यालयातल्या लेखा शाखेच्या माणसाला सोबत घ्या, त्याला हे आकडे वाचता येतात.